यंदा विसर्जन नाही

१३ सप्टेंबर २०१८

बसवला एकदाचा! टीव्ही उचलून बेडरूममध्ये, त्या जागी पाट, पाटावर रणजितच्या आईंनी सांगलीहून पाठवलेला खण. गुरुजी यूट्यूबवर. प्राणप्रतिष्ठेच्या ऐन मध्यात गाडीच्या विम्याची जाहिरात आली. रणजितने जोडलेले हात न सोडता कोपराने 'स्किप' दाबलं. मला इतकं हसू आलं की आचमनाचं पाणी नाकात गेलं.

दूर्वा म्हणून मागच्या अंगणातलं गवत. त्या दूर्वा नाहीत हे मला ठाऊक आहे, गणपतीलाही ठाऊक असणार. जास्वंद कुठली इथे परदेशात, मलिंगारला! शेजारच्या ब्रीडाच्या कुंपणावर नारिंगी फुलं आहेत, ती मागून आणली. ब्रीडा सत्तरीची, एकटी राहते, चौकशा फार. "फॉर युअर मॅन विथ द ट्रंक, इज इट?" म्हणाली. हो बाई, त्याच्यासाठीच.

उकडीच्या वासाने ढवळून आलं. रणजित म्हणाला, तू बस, मी वळतो. हॉस्पिटलात हा लोकांना भूल देतो, हात स्थिर असतील अशी माझी समजूत. निम्मे मोदक फुटले!

आम्ही ठरवलंय — बाराव्या आठवड्याचा स्कॅन होईपर्यंत कोणालाही सांगायचं नाही. इथे सगळे तसंच करतात. आईंनाही नाही. मला हे गुपित फार आवडतंय. दिवसभर ऑफिसात एकटीच गालात हसते.

१७ सप्टेंबर

कळलं. सगळ्यांना कळलं!

यांच्या घरचा गणपती गौरींबरोबर जातो. संध्याकाळी गावातल्याच मेधाताईंबरोबर लॉख एनेल तळ्यावर जायचं ठरलं होतं. दुपारी आईंचा व्हिडिओ कॉल. उत्तरपूजेच्या आधी दरवर्षी विचारतात तसं विचारलं — "घरात कोणी गरोदर नाही ना रे?" दरवर्षी हा म्हणतो, "नाही गं, मीच जरा सुटलोय." यंदा गप्प. माझ्याकडे बघितलं. बस्स, झालं!

यांच्याकडची पद्धत अशी: घरात बाई पोटुशी असली की त्या साली गणपती पाण्यात सोडायचा नाही. बाळ होईपर्यंत घरीच ठेवायचा. मूर्ती हलवायची नाही, रोज पूजा, रोज दोन वेळा दिवा. आई रडायलाच लागल्या. पदराने डोळे पुसत मला म्हणाल्या, "वाकू नकोस हं कुठे." मीही रडले. माझी आई गेल्यापासून मला असं काही सांगणारं दुसरं कोण आहे?

मग मेधाताईंचा फोन, निघालात का म्हणून. रणजित म्हणाला, "यंदा आमच्याकडे विसर्जन नाही." पलीकडून किंकाळी. एवढ्या वाक्यावर मलिंगारातल्या सगळ्या मराठी घरांत बातमी गेली. आम्ही कोणाला काही सांगितलंच नाही. गणपतीनेच सांगितलं.

राग आला आहे का मला? थोडा. पण आईंचा चेहरा बघितला आणि गेला.

२० सप्टेंबर

आई रोज सकाळी व्हिडिओवर दर्शन घेतात. आधी गणपतीचं, मग माझं, मग पुन्हा गणपतीचं. माझ्यासमोरही हात जोडतात. काय करावं ते सुचत नाही, मीही उलटे जोडते.

२६ सप्टेंबर

थोडं रक्त. रणजित म्हणाला, होतं असं कधी कधी. हे तो डॉक्टरच्या आवाजात म्हणाला, म्हणून जास्त घाबरले.

२७ सप्टेंबर

ठोके नाहीत.

२८ सप्टेंबर

काल पुढे लिहवलं नाही. स्कॅन करणारी बाई खूप चांगली होती. पडदा माझ्यापासून जरा वळवलेला, आणि ती फार वेळ बघत राहिली. मग माझ्या पायावर हात ठेवून म्हणाली, "आय'म सो सॉरी, पेट." वाढ आधीच थांबली होती म्हणे, आठवडा-दहा दिवसांपूर्वी.

म्हणजे आई 'वाकू नकोस' म्हणाल्या तेव्हा? की मेधाताई किंचाळल्या तेव्हा? सारखा तोच हिशेब करते आहे. करायचा नाही असं ठरवते आणि पुन्हा करते.

रणजित आज ड्यूटीवर गेला. पूजा मीच केली. या अवस्थेत करायची नसते. पण आईंचा कॉल आला, दिवा लागलेला नसता तर विचारलं असतं. म्हणून केली. पोटात कळा, हातात घंटी. आई म्हणाल्या, "चेहरा उतरलाय गं तुझा. होतं हो सुरुवातीला असं."

रणजितने त्यांना काही सांगितलेलं नव्हतं.

३० सप्टेंबर

भांडण. मोठं.

मी म्हटलं, मला गणपती सोडून यायचा आहे. आज. चल, गाडी काढ. पोटात काही नाही आणि तो तिथे बसून आहे, अभयाचा हात वर करून. मला सोफ्यावर बसवत नाही, जेवण स्वयंपाकघरात उभ्याने होतंय.

रणजित: "सोडला म्हणजे सांगितलंच की सगळ्यांना!"

मी: "मग सांग ना!"

रणजित: "आत्ता नको यार. पितृपक्ष चालू आहे. आईचं बीपी. बेसिकली नवरात्र बसू दे, मी सांगतो ना नीट."

मी देवघरातली घंटी फेकली. गणपतीला नाही, भिंतीला. दांडी वाकली. तो ती उचलून सरळ करत बसला. मग मीच जाऊन दिवा लावला.

१० ऑक्टोबर

घट बसले. आईंचे उपास सुरू. रणजित: "उपाशीपोटी कसं सांगू? दसरा होऊ दे."

१६ ऑक्टोबर

पार्सल आलं. चोरचोळी!

तिसऱ्या महिन्यात माहेरून येते, गुपचूप, गाजावाजा न करता. मला माहेर नाही म्हणून सासूनेच पाठवली. हिरवी इरकल, हिरव्या बांगड्या कापसात गुंडाळलेल्या — एकही फुटली नाही सांगली ते मलिंगार! — आणि चिठ्ठी, 'तुझ्या आईच्या वतीने.'

ओरडायचं होतं. घरात कोणी नव्हतं, तरी ओरडता आलं नाही. सगळं तसंच्या तसं हॉट प्रेसच्या कपाटात ठेवलं, गरम पाण्याच्या टाकीशेजारी, टॉवेलांच्या खाली. संध्याकाळी आईंनी विचारलं, माप बरोबर आहे का? म्हटलं, हो.

१८ ऑक्टोबर

दसरा मेधाताईंकडे. मेधाताई मनाने सोन्यासारखी बाई, पण हात कुठे थांबेल तर शप्पथ. श्रीखंड वाढतच राहिल्या. "दोघांचं खायचंय तुला!" कोणीतरी रणजितच्या पाठीत धपाटा मारला, "काय मग, बाबा?" आणि हा हसला. हसला! मी बघत होते. चांगलं मोकळं हसला.

गाडीत विचारलं, कसं हसवलं तुला? म्हणाला, "मग काय करू, रडू तिथे?" हो, रड ना. एकदा तरी रड.

दारात शिरताना म्हणाला, "दिवाळी होऊ दे, प्लीज. सणाचं कशाला."

सणाचं कशाला! आमच्याकडे सण संपतात कधी?

२ नोव्हेंबर

ब्रीडाने सकाळी बोलावलं. तिच्याकडे आज मृतांचा दिवस, ऑल सोल्स. खिडकीत मेणबत्त्या मांडल्या होत्या. ही नवऱ्याची, ही बहिणीची, अशी ओळख करून दिली. एक छोटी राहिली.

"आणि ही?"

"युअर्स."

तिने सांगितलं, महिनाभर बघतेय, तू तो कचऱ्याचा भरलेला डबा एकटी फरफटत नेतेस आणि तुझा नवरा बघतो, काही म्हणत नाही. आधी धावत यायचा. बस, एवढ्यावरून! आमच्याकडच्या कोणाच्या लक्षात आलं नाही. सगळे माझ्या ताटाकडे बघत होते.

मग तिने तिचं सांगितलं. तिचाही पहिला राहिला नव्हता. त्या काळी त्याबद्दल बोलायचं नाही असं घरच्यांनी बजावलं, आणि ती बोलली नाही. "डोन्ट यू डू दॅट," म्हणाली. ब्राउन ब्रेड दिला, लोणी लावून. तिथे बसून सगळा खाल्ला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा बसून खाल्लं.

घरी आले तर गणपतीच्या बैठकीला खालून बुरशी आलेली. इथल्या ओलीला शाडू काय करणार. फडक्याने पुसली. त्याचाही बिचाऱ्याचा काय दोष! गौरींबरोबर जायचा होता, माझ्यामुळे अडकला.

७ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. चकल्या मऊ, अनारसे हसले, करंज्या बऱ्या. कंदील लावला, वाऱ्याने नेला, ब्रीडाच्या झाडात सापडला.

कॉलवर आईंबरोबर सगळं घर. काकू, आते, शेजारच्या दोघी. आई म्हणाल्या, "जरा उभी राहा बघू. कडेनं. दिसतंय का बघू दे."

आणि मी उभी राहिले. कडेनं!

रणजितने फोन पटकन गणपतीकडे वळवला, "आई, हे बघ, मखर बघ." तोवर काकू म्हणाल्या होत्या, "दिसतंय हो थोडं!" ते करंज्यांचं होतं. सगळ्या टाळ्या वाजवत होत्या.

८ नोव्हेंबर

स्वतःची लाज वाटते. इतके दिवस रणजित खोटं बोलतोय म्हणत होते. काल मी माझ्या पोटाने खोटं बोलले.

२४ नोव्हेंबर

आईंचा व्हिसा आला. मार्चचं तिकीट काढायचंय, बाळंतपणाला. डिंक कोणत्या दुकानात चांगला मिळतो याची चौकशी झाली. रणजित शेजारी बसून म्हणाला, "हो, बघतो डेट्स." डेट्स बघतो!

मी फोन त्याच्या हातातून घेतला.

"आई, बाळ नाहीये."

"अगं, काय बोलतेस—"

"नाहीये. सप्टेंबरातच गेलं. स्कॅनमध्ये कळलं. आम्ही सांगितलं नाही."

एवढंच. इतक्या दिवसांचं ओझं, आणि किती छोटी वाक्यं!

आईंचा पहिला प्रश्न — "मग गणपती?"

"आहे."

"आणि पूजा कोण करत होतं तेव्हा?"

"मी."

"तू? तशात?"

कॉल बंद.

रणजित माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "मी सांगणारच होतो." मी म्हटलं, "कधी? शिमगा झाल्यावर?"

२५ नोव्हेंबर

आज दर्शनाचा कॉल नाही. पहिल्यांदाच.

२९ नोव्हेंबर

आईंचा फोन. व्हिडिओ नाही, नुसता आवाज. मला वाटलं पूजेवरून बोलणार. तयारीत बसले होते, भांडायच्याच.

"यामिनी, मी रोज एकवीस दूर्वा वाहत होते. नाव घेऊन. मी नाव पण ठेवलं होतं गं मनात. दोन महिने मी कोणाशी बोलत होते?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मला सांगायला हवं होतंस. मी आले असते. तिकीट काढून आले असते दुसऱ्या दिवशी. तू एकटीने सोसलंस आणि वर माझ्यासाठी दिवे लावलेस." आणि मग रागाने, "त्या गाढवाला दे फोन!"

गाढवाने फोन घेतला. मी बाहेर जाऊन कचऱ्याचा डबा उगाच इकडून तिकडे केला. परत आले तर तो जमिनीवर बसलेला, पाटासमोर, आणि रडत होता. मोठ्याने, लाज न बाळगता. मी शेजारी बसले. म्हणाला, "आईला सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं." मला त्याचा खूप राग आला होता, इतका की वेगळं राहायचा विचारसुद्धा केला होता. आज तो नाही. उद्या परत येईलही. येऊ दे.

२६ डिसेंबर

काल जेवायला ब्रीडाकडे. तिने रणजितला टर्की कापायला दिली, "यू'र द डॉक्टर." ब्रसल्स स्प्राउट्सची चव अजून जिभेवर आहे, देवा!

घरात बरं चाललंय. बोलतो आम्ही. बोलण्यापलीकडचंही काही होतंय, बऱ्याच दिवसांनी. आई पुन्हा रोज कॉल करतात, पण आता आधी मला विचारतात, जेवलीस का. गणपती नंतर.

रणजितची बदली, चौदा जानेवारीपासून स्लायगोच्या हॉस्पिटलात. घर सोडायचं. गणपतीचं काय? आईंनी गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, आता कारण उरलेलं नाही, जायच्या आधी उत्तरपूजा करा आणि सोडा. कारण उरलेलं नाही. बरोबरच आहे, पण ऐकायला बरं वाटलं नाही.

शनिवार ठरला, बारा तारीख. मेधाताईंना मीच फोन करून सगळं सांगितलं. त्या रडल्या आणि श्रीखंडाची माफी मागायला लागल्या. मीच त्यांची समजूत घातली.

१२ जानेवारी २०१९

सोडला.

सकाळी लॉख एनेलवर कोणी नव्हतं. बदकं आणि आम्ही. बोचरा वारा. रणजित आणि मी, मेधाताई, आणि ब्रीडा — गमबूट घालून, हातात तीच नारिंगी फुलं, गेल्या सप्टेंबरात वाळवून ठेवलेली. आई फोनवर. मेधाताईंनी फोन उंच धरला होता, आईंना बराच वेळ नुसतं आभाळ दिसत होतं.

मूर्ती गाडीत माझ्या मांडीवर होती. रणजित म्हणाला, जड आहे, मागे ठेवू. मी नाही दिली. साडेतीन महिने तोंड चुकवलं त्याचं, आज पहिल्यांदा नीट बघितला. रंग उडालाय. एका कानाला चीर. डोळे चांगले आहेत.

आरती वाऱ्यात विस्कटली. कापूर पेटेना. ब्रीडाने आपला कोट उघडून आडोसा केला, मग पेटला. मेधाताई म्हणाल्या, "उंदराच्या कानात सांग काहीतरी. मागून घे. सोडायच्या आधी सांगितलं की पोचतं."

मी वाकले. उंदराच्या कानाशी तोंड नेलं. काहीच बोलले नाही. थोडा वेळ तशीच राहिले आणि उठले. मेधाताईंना वाटलं, सांगितलं.

रणजित पँट वर करून पाण्यात उतरला. गुडघ्यापर्यंत गेल्यावर मागे वळून माझ्याकडे बघितलं. विचारल्यासारखं. मी मान हलवली. त्याने तीनदा बुडवून वर काढला आणि सोडला. पुढच्या वर्षी लवकर या, सगळे म्हणाले. ब्रीडाने आपल्या पद्धतीने म्हटलं, "सेफ होम, नाउ." आई फोनमधून अजून 'मोरया' म्हणत होत्या, जरा उशिरा पोचत होतं.

ब्रीडाने थर्मासमधून गरम व्हिस्की ओतली, लवंग घातलेली. मेधाताईंनीसुद्धा घेतली! मी नको म्हटलं, गाडी चालवायची आहे म्हणून. गाडी येताना रणजितने चालवली.

घरी पाट रिकामा. टीव्ही परत जागेवर. हिरवी इरकल आणि बांगड्या हॉट प्रेसमधून काढून स्लायगोच्या बॅगेत भरल्या. रणजितने विचारलं, "हे कशाला नेतेस?" म्हटलं, तुझ्या आईने दिलंय, टाकू का?

१३ जानेवारी

काल सकाळी, निघायच्या आधी, टेस्ट केली होती. दोन रेघा.

यांच्याकडची पद्धत मला पाठ आहे. तरी सोडला. या वेळी त्याला घरात बसवून गावभर सांगायचं नाही. काही झालं तर सोडल्यामुळे झालं असं मलाच वाटेल, तेही माहीत आहे. रात्रभर तेच वाटत होतं. भीती वाटते. खूप.

रणजित बाहेर गाडीत सामान भरतोय. खोकी उचलायला हाका मारतोय. आता जाऊन त्याला सांगते. एक दिवस फक्त माझा हवा होता.